चांद्याचा न निघणारा रकाना

जुन्या पोथ्या, ताम्रपट व शिलालेख यांच्या याद्या वहींत ठेवण्याची चाल आतां बहुतेक संग्राहकांनीं सोडली असून त्या याद्या संगणकांतील डेटाबेसमध्यें उतरविल्या जात आहेत. सोय मोठी आहे, याविषयीं वाद नाहीं. परंतु वहींतील चुकीचा रकाना एका रेघेनें खोडतां येतो, आणि खोडलेलें तसेंच दिसत राहतें. डेटाबेसांतील रकाना काढूं गेल्यास तो पुष्कळदां निघत नाहीं, अथवा निघाल्याचा नुसता भास होतो, अथवा निघतांना भलतेंच कांहीं बरोबर घेऊन जातो. वर्धा, वैनगंगा व प्राणहिता या नद्यांच्या आसमंतांतील, म्हणजे हल्लींच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, हस्तलिखितांची व लेखांची एक टिपणसूची आम्ही करीत आहों. तिच्यांतून ‘जिल्हा’ हा रकाना काढण्यास आम्हांस जो आटापिटा करावा लागला व त्या ओघांत जें समजलें, तें येथें देतों. संगणकाचें शास्त्र आम्ही उतारवयांत एका माजी विद्यार्थ्याकडून शिकलों. या लेखांत चुका असतील त्या आमच्या समजाव्या, त्याच्या नव्हेत.

हा रकाना काढावयाचाच कां, हें प्रथम सांगितलें पाहिजे. ‘चांदा जिल्हा’ हे शब्द वाचले कीं एक निश्चित प्रदेश डोळ्यांपुढें उभा राहतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तसें नाहीं. इ. स. १८७४ त अपर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचाकडील मुलूख चांद्यास जोडण्यांत आला. इ. स. १९०५ त ब्रह्मपुरी व चांदा या तहसिलींतील जमीनदाऱ्या काढून गडचिरोली ही निराळी तहसील करण्यांत आली. त्याच दशकांत सिरोंचाच्या दक्षिणेचे चेरला, आलबाक व नुगूर हे भाग मद्रास इलाख्याकडे गेले. राजुरा तालुका तर हैद्राबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता, तो इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ त चांद्याकडे आला. १९६४ च्या सुमारास जिल्ह्याचें चांदा हें नांव जाऊन चंद्रपूर झालें, व २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

आतां मार्कंडा येथील देवालयें घ्या. वैनगंगेच्या कांठचें हें स्थळ आज गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यांत आहे. परंतु कनिंगहॅम साहेबांनीं तीं पाहिलीं तेव्हां तो चांदा जिल्हा होता, आणि रायबहादूर हिरालाल यांच्या लेखसूचींत (पहिली आवृत्ति १९१६, दुसरी १९३२) तें स्थळ साहजिकच चांद्याखालीं येतें. देवटेकची शिळा, जिच्यावर प्राचीन ब्राह्मी लेख व वाकाटक रुद्रसेनाचा लेख असे दोन लेख आहेत, ती सांपडली नागभीडच्या बाजूस. म्हणजे जुन्या चांद्यांत व आजच्या चंद्रपुरांतहि. शीळ स्वतः मात्र नागपूरच्या संग्रहालयांत गेली. मग तिच्यापुढें ‘जिल्हा’ या रकान्यांत काय लिहावें? आमच्या सूचींत कोणीं सांपडल्या वेळचा जिल्हा लिहिला होता, कोणीं आजचा, कोणीं वस्तु जेथें ठेवली आहे तो. इतकेंच नव्हे, तर एखाद्या पोथीच्या पुष्पिकेंत लेखकानें ‘चांदा’ असें लिहिलें असेल तर तें गोंड राजांच्या राजधानीच्या शहराचें नांव. तेंहि उचलून या रकान्यांत बसविलेलें आढळलें. एका रकान्यांत चार अर्थ, आणि कोणता अर्थ कोठें, हें सांगणारें कांहींच नाहीं.

यावर एकदां सोपा उपाय करून पाहण्यांत आला होता. जेथें जेथें ‘चांदा’ तेथें तेथें ‘चंद्रपूर’ असा एकाच आज्ञेनें पालट केला. परिणाम असा झाला कीं मार्कंडा, वैरागड व सिरोंचा हीं सर्व स्थळें चंद्रपूर जिल्ह्यांत जाऊन बसलीं. तो पालट मागें घेण्यांत आमचे दोन महिने गेले. तेव्हां असें ठरविलें कीं प्रत्येक नोंदीस गांव जोडावें, गांव कोणत्या वर्षीं कोणत्या जिल्ह्यांत होतें तें निराळ्या कोष्टकांत ठेवावें, आणि जुना ‘जिल्हा’ रकाना सबंध काढून टाकावा. मात्र काढण्यापूर्वीं त्यांतील शब्द जसाच्या तसा ‘मूळ निर्देश’ म्हणून आधारग्रंथाच्या किंवा टाचणाच्या नोंदीशेजारीं उतरून घ्यावा.

डेटाबेसाच्या बांधणींत फेरफार करावयाचा तो हातानें न करितां आज्ञापत्र लिहून करण्याचा प्रघात आहे. त्यास मायग्रेशन म्हणतात. प्रत्येक पत्रास क्रमांक असतो, व तें अंमलांत आलें कीं डेटाबेसांतीलच एका नोंदवहींत त्याची खूण होते, म्हणजे तेंच पत्र दोनदां चालूं नये. आमचा डेटाबेस एस्क्यूलाइट या पद्धतीचा आहे. सबंध संग्रह एका फाइलींत राहतो, ती पेन-ड्राइव्हवर घालून एटापल्ली किंवा भामरागडपर्यंत नेतां येते, व तेथें इंटरनेट नसलें तरी अडत नाहीं. विद्यार्थ्यानें लिहिलेल्या पत्रांत एकच ओळ होती: ‘ऑल्टर टेबल पोथ्या ड्रॉप कॉलम जिल्हा’. हें पत्र त्याच्या नव्या संगणकावर व आमच्या घरच्या जुन्या संगणकावर चालविलें. दोन्हीकडे तें फसलें, आणि उत्तरें निरनिराळीं आलीं. आमच्या संगणकानें ‘ड्रॉप’ या शब्दापाशींच वाक्यरचनेचा दोष दाखविला. त्याच्या संगणकानें वाक्य मान्य केलें, परंतु एका इंडेक्सचें नांव घेऊन रकाना काढण्याचें नाकारलें. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती दोन पाठ देतात तेव्हां प्रथम प्रतींची परंपरा पाहावी लागते, तसेंच हें.

पहिल्या उत्तराचें कारण आवृत्ति. ड्रॉप कॉलम ही आज्ञा एस्क्यूलाइटमध्यें ३.३५.० या आवृत्तींत, मार्च २०२१ मध्यें, प्रथम आली; त्यापूर्वींच्या आवृत्तीस ती म्हणजे धातुपाठांत नसलेला धातु. एकाच संगणकावर निरनिराळे प्रोग्राम आपापली निराळी आवृत्ति बाळगतात, म्हणून संगणक नवा आहे एवढ्यावर विसंबूं नये. ज्या प्रोग्राममधून पत्र चालवावयाचें, त्यालाच ‘सिलेक्ट एस्क्यूलाइट_व्हर्शन()’ असें विचारावें.

दुसरें उत्तर अधिक बोधक आहे. इंडेक्स म्हणजे ग्रंथाच्या शेवटीं असते तशी शब्दसूची: ‘चांदा’ शोधावयाचें तर सर्व ओळी न वाचतां नेमक्या ओळींवर जातां यावें म्हणून केलेली. ग्रंथांतून प्रकरण काढलें आणि सूचींत त्याचीं पानें तशींच राहिलीं तर सूची खोटी होते. म्हणून एस्क्यूलाइट अशा वेळीं रकाना काढूं देत नाहीं. आमची चूक ही कीं आम्ही संध्याकाळभर रकान्याचें नांव व त्यांतील मजकूर तपाशीत बसलों. नकाराच्या वाक्यांत इंडेक्सचें नांव स्पष्ट होतें, पण तें इंग्रजींत व घाईनें वाचलें. इंडेक्स काढला, तों पुढचा नकार आला. यावेळीं एका व्ह्यूचें नांव होतें. व्ह्यू म्हणजे कायम करून ठेवलेली निवड. आमच्या ‘तालुकावार यादी’ या व्ह्यूंत जिल्हा दाखविला जात असे. व्ह्यूची व्याख्या लिहून घेऊन तो काढला. तिसरा नकार कोष्टकाच्या एका निर्बंधाचा: गांव माहीत नसल्यास जिल्हा तरी भरलाच पाहिजे, असा नियम आम्हींच कधींकाळीं घातला होता व साफ विसरलों होतों! याच पद्धतींत रकाना मुख्य किल्लीचा असेल, एकमेव म्हणून ठरविलेला असेल, दुसऱ्या कोष्टकाशीं फॉरेन कीनें बांधलेला असेल अथवा एखाद्या ट्रिगरमध्यें वापरलेला असेल तरीहि नकारच मिळतो. प्रत्येक नकार त्या रकान्यावर कोण अवलंबून आहे हें सांगतो, आणि तें सांगतो तोंवर त्यावर रागावण्याचें कारण नाहीं.

सबंध कोष्टकास लागू असलेला निर्बंध आमच्याजवळच्या आवृत्त्यांत सुटा काढतां येत नव्हता. म्हणून दोन्ही संगणकांवर जुनाच मार्ग धरावा लागला: जिल्हा नसलेलें नवें कोष्टक करावयाचें, जुन्यांतील ओळी त्यांत नकलावयाच्या, जुनें कोष्टक टाकावयाचें व नव्यास जुनें नांव द्यावयाचें. पोथीची जीर्ण प्रत नव्या कागदावर उतरून घ्यावी तसाच हा प्रकार असल्यानें आम्हांस तो फार निर्धोक वाटला. प्रत्यक्षांत याच जागीं आमची सूची बुडण्याची वेळ आली.

‘पोथ्या’ या कोष्टकास ‘पत्रवर्णन’ हें दुसरें कोष्टक जोडलेलें आहे. पोथीचें कितवें पत्र फाटलें, कोठें हरताळ लावला आहे, समासांत दुसऱ्या हाताचें काय लिहिलें आहे, हें सर्व त्यांत असतें. पोथीची नोंद खोडली तर तिचीं पत्रवर्णनेंहि आपोआप जावीं, असा फॉरेन कीचा नियम होता. एखादी दुबार नोंद काढतांना तो उपयोगी पडे. आतां एस्क्यूलाइटमध्यें फॉरेन कीचें नियंत्रण चालू असतांना कोष्टक टाकूं गेल्यास तें टाकण्यापूर्वीं त्यांतील सर्व ओळी आधीं खोडल्या जातात. जुनें ‘पोथ्या’ टाकलें, त्याच्या ओळी खोडल्या गेल्या, आणि नियमाप्रमाणें सर्व पत्रवर्णनें त्यांच्यामागोमाग गेलीं. नव्या कोष्टकांत पोथ्या सर्व होत्या. पत्रवर्णनाचें कोष्टक रिकामें होतें. कसलाहि दोष दाखविला गेला नाहीं. पत्र यशस्वी झाल्याची खूण वहींत झाली.

विद्यार्थ्यास हा धोका ठाऊक नव्हता असें नाहीं. नियंत्रण बंद करण्याची आज्ञा, ‘प्राग्मा फॉरेन_कीज = ऑफ’, त्यानें पत्राच्या आरंभींच लिहिली होती. परंतु पत्र चालविणारा प्रोग्राम प्रत्येक पत्रापूर्वीं स्वतःच व्यवहार सुरू करीत असे, आणि व्यवहार सुरू असतांना ती आज्ञा निष्फळ ठरते, तीहि मुकाट्यानें. ती व्यवहाराच्या बाहेर, आधीं दिली पाहिजे. आज्ञा दिल्यावर ‘प्राग्मा फॉरेन_कीज’ एवढेंच विचारून शून्य उत्तर येतें कीं एक, तें पाहिलें असतें तर हा घोटाळा तेथेंच थांबला असता. आमची वर्णनें वांचलीं तीं केवळ एवढ्याचमुळें कीं हा प्रयोग मूळ फाइलीच्या नकलेवर चालला होता. तीं वर्णनें ज्या पोथ्यांवरून लिहिलीं त्यांपैकीं कांहीं आज वाळवीनें गेल्या आहेत. पुन्हा लिहावयाचीं म्हटलें तर पाहावयास पोथीच नाहीं. तेव्हांपासून अशा पत्राच्या आधीं व नंतर प्रत्येक कोष्टकांतील ओळी मोजून कागदावर लिहितों, व शेवटीं ‘प्राग्मा फॉरेन_की_चेक’ चालवितों.

दुसरें कोष्टक ‘लेख’. त्यावर इंडेक्स नव्हता, व्ह्यू नव्हता, निर्बंध नव्हता. नव्या संगणकावर एका ओळींत काम व्हावयास हवें होतें. उत्तर आलें कीं ‘जिल्हा’ या नांवाचा रकानाच नाहीं. समोर पडद्यावर तर तो दिसत होता! कारण सांपडलें तें लेखनविद्येच्या अभ्यासकांस मौजेचें वाटेल. हें कोष्टक दुसऱ्या हातानें, दुसऱ्या कीबोर्डावर, कांहीं वर्षें आधीं केलेलें होतें, आणि त्या टंकलेखकानें ‘ल्हा’ जोडतांना ल आणि ह यांच्यामध्यें एक अदृश्य जोडचिन्ह घातलें होतें. त्यास शून्य-रुंदीचा जोडक म्हणतात. अक्षराचें रूप ठरविण्यासाठीं तो असतो, छपाईंत दिसत नाहीं, पण यंत्राच्या दृष्टीनें तें एक पूर्ण अक्षर आहे. यास्तव दोन ‘जिल्हा’ डोळ्यांस एक व यंत्रास दोन. नुक्त्याच्या अक्षरांतहि असाच भेद पडूं शकतो. उपाय असा कीं रकान्याचें नांव हातानें टंकूं नये. ‘प्राग्मा टेबल_इन्फो’ या आज्ञेनें डेटाबेस स्वतः जें नांव सांगेल तेंच उचलून पत्रांत घालावें. संशय असल्यास ‘हेक्स’ या फलनानें नांवाचीं बीजें पाहावीं. ‘ई२ ८० ८डी’ हीं तीन एकापुढें एक दिसलीं कीं जोडक सांपडला.

पत्र यशस्वी म्हणून खूण होते आणि रकाना जागच्या जागीं असतो, हाहि प्रकार घडतो. त्याचीं कारणें बहुधा क्षुद्र असतात. चालून गेलेल्या जुन्या पत्रांतच नवी ओळ वाढविली तर त्याच्या क्रमांकाची खूण आधींच झालेली असल्यानें तें पुन्हा चालत नाहीं. अशा वेळीं नवें पत्र, नवा क्रमांक. किंवा पत्र एका फाइलीवर चाललें व आपण पाहतों दुसरी. एस्क्यूलाइटला दिलेल्या जागीं फाइल सांपडली नाहीं तर तें सहसा तेथें नवी, रिकामी फाइल निर्माण करतें, ही गोष्ट फार जणांस ठाऊक नसते. आमच्या पेन-ड्राइव्हवर अशा दोन अनौरस फाइली निघाल्या.

ज्यांचा संग्रह मोठ्या संस्थांच्या डेटाबेसांत आहे त्यांनीं वरील सर्व तसेंच लागू आहे असें समजूं नये. पोस्टग्रेएस्क्यूएल त्या रकान्यावरील इंडेक्स आपण होऊन काढतें. व्ह्यू असल्यास मात्र नाकारतें, आणि नकाराबरोबर ‘कॅस्केड’ हा शब्द वापरून पाहा असें सुचवितें. तो शब्द वापरला कीं रकान्यावर अवलंबून असलेले व्ह्यू, व त्या व्ह्यूंवरचे व्ह्यू, सर्व नष्ट होतात. आमच्या मतें काय काय जाणार याची यादी हातीं असल्यावांचून हा शब्द लिहूं नये. तेथें ‘इफ एक्झिस्ट्स’ असें जोडलें असेल तर जोडकासारख्या कारणानें नांव न जुळल्यास केवळ एक सूचना येते आणि पत्र यशस्वी ठरतें. मायएस्क्यूएलमध्यें रकाना फॉरेन कीस लागत असेल तर नकार मिळतो. शिवाय तेथें बांधणीची प्रत्येक आज्ञा आधींचा व्यवहार कायम करून टाकते, म्हणून पांच ओळींचें पत्र तिसऱ्या ओळीवर फसलें तर पहिल्या दोन झालेल्याच राहतात. असें पत्र तसेंच पुन्हा चालविल्यास तें पहिल्याच ओळीवर अडतें, व मूळ दोष झांकला जातो. एस्क्यूएल सर्व्हरमध्यें रकान्यास न भरल्यास घ्यावयाचें मूल्य ठरविलेलें असेल तर तो निर्बंध आधीं काढावा लागतो, आणि नांव आपण दिलें नसल्यास यंत्रानें दिलेलें नांव प्रत्येक प्रतींत निराळें असूं शकतें. एका ठिकाणीं चाललेलें पत्र दुसरीकडे फसण्याचें हें एक नेहमींचें कारण आहे.

रकाना निघाल्यावरहि एक गंमत झाली. छापील यादी काढली तों प्रत्येक पोथीखालीं स्थळाच्या जागीं ‘जिल्हा’ हाच शब्द! यादी काढणाऱ्या प्रोग्राममध्यें रकान्याचें नांव दुहेरी अवतरणांत होतें. त्या नांवाचा रकाना न सांपडल्यास एस्क्यूलाइट तें अवतरण साधा मजकूर समजतें व तक्रार न करितां तोच छापतें. तेव्हां रकाना काढण्यापूर्वीं प्रोग्राममधील सर्व वाक्यांत त्याचें नांव शोधावें. डेटाबेस आपल्या पोटांतील अवलंबितांचीं नांवें सांगतो, बाहेरच्यांचीं नाहीं.

एक निराळा रकाना आहे, त्याविषयीं संग्राहकांनीं विशेष सावध असावें. अनेक घराण्यांनीं पोथ्या दाखविल्या त्या आपलें नांव बाहेर जाऊं नये या अटीवर. ‘धनी’ हा रकाना काढून सूची दुसऱ्यास दिली म्हणजे अट पाळली, असें होत नाहीं. पोस्टग्रेएस्क्यूएल काढलेला रकाना केवळ दृष्टिआड करतें. ओळ नव्यानें लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर तबकडीवर असतो. एस्क्यूलाइट कोष्टक नव्यानें लिहितें, तरीहि मोकळ्या झालेल्या जागेंत जुनीं अक्षरें उरूं शकतात. ‘व्हॅक्यूम’ ही आज्ञा दिल्यावर फाइल पुन्हा बांधली जाते. आणि जुन्या नकला पेन-ड्राइव्हवर पडून असतील तर हें सर्व व्यर्थच.

‘मूळ निर्देश’ जपून ठेवल्याचा लाभ आम्हांस अनपेक्षित रीतीनें झाला. आमच्याजवळ राजुऱ्याकडील पोथ्यांचीं कांहीं टांचणें आहेत. त्यांवर तारीख नाहीं. परंतु ज्यावर ‘राजुरा, जि. नांदेड’ असें आहे तें टांचण, अथवा तें ज्यावरून उतरलें तें, इ. स. १९५६ ते १९५९ या तीन वर्षांतलें असलें पाहिजे, ‘जि. आदिलाबाद’ असेल तें सामान्यतः त्याच्या आधींचें. तसेंच मार्कंड्याच्या टांचणावर ‘जि. गडचिरोली’ असल्यास तें ऑगस्ट १९८२ नंतरचें. ‘चांदा’चें ‘चंद्रपूर’ करण्याचा तो पहिला पालट तसाच राहिला असता तर नांव बदलण्याच्या आधींचीं व नंतरचीं टांचणें एकांत एक मिसळून हा पुरावा बुडाला असता. राजुरा, गडचांदूर व माणिकगड या बाजूचीं अशीं बिनतारखेचीं टांचणें कोणा वाचकाजवळ असल्यास त्यांवरील जिल्ह्याचें नांव न सुधारतां, जसें असेल तसें आम्हांस कळवावें.